अभिनयाचं बक्षीस घेताना काय बोलायचं

राज्य नाट्य स्पर्धेचं रौप्यपदक असो की युवक महोत्सवातलं बक्षीस, नाव पुकारलं की भल्याभल्यांची बोबडी वळते, म्हणून भाषण आधीच लिहून ठेवा, मिळो ना मिळो. ऑस्करला ४५ सेकंद देतात, तुम्ही फार तर एक मिनिट धरा, म्हणजे साधारण १०० शब्द.

नावं चार-पाचच घ्या पण कुणी काय केलं ते सांगा. "सर्वांचे आभार" म्हणलं की कुणाचेच होत नाहीत. त्यापेक्षा "लाईट गेली तर आमच्या प्रकाशयोजनेवाल्या दादानं मोबाईलच्या टॉर्चवर तालीम चालू ठेवली" असं म्हणा, तो माणूस खुर्चीतच गहिवरतो बघा. नेपथ्य, मेकअप, पडदा ओढणारा पोरगा, हे लोक लई वेळा राहून जातात आणि मला ते फार लागतं.

भाषा घरचीच ठेवा, परभणी-नांदेडचं बोलणं लपवायची काहीच गरज नाही.

घरी टायमर लावून मोठ्यानं म्हणून बघा. कागदावर फक्त नावं, मोठ्या अक्षरात. माईक तोंडापासून वीतभर लांब, आणि टाळ्या थांबल्यावरच सुरू करा. आईचं नाव शेवटी ठेवा, आधी घेतलं की पुढचं बोलवत नाही.