ताप उतरल्यावरचे दोन दिवस : दवाखान्यात नव्याने बसणाऱ्या डॉक्टरांसाठी

इंटर्नशिप संपवून इंदूरमधल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात, जिथे कोणीही अपॉइंटमेंट न घेता येऊन बाकावर बसतो, तिथे काम सुरू करणाऱ्यांना औषधांची नावे सांगण्याची गरज नाही. मात्र एम. वाय. या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात जो रुग्ण सकाळ-संध्याकाळच्या राउंडला समोर असतो, तो येथे दहा मिनिटे दिसतो आणि रामबागेतल्या किंवा सांवेरकडच्या आपल्या घरी निघून जातो. त्यामुळे जाताना त्याला काय सांगितले, हाही उपचाराचाच भाग ठरतो, आणि गर्दीत सर्वांत आधी गळतो तोही हाच भाग.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत तापाचे रुग्ण वाढतात, आणि मला आजही धास्ती वाटते ती "डॉक्टर, ताप उतरला, आता बरे आहे" या वाक्याची. डेंग्यूची नाजूक अवस्था बहुधा ताप उतरतानाच, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. केशवाहिन्यांमधून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) झिरपतो, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) चढते, पण रक्तदाबाचा वरचा आकडा बराच काळ टिकून राहतो. खालचा आकडा मात्र वर सरकतो, आणि दोहोंतील अंतर २० किंवा त्याहून कमी झाले की रुग्ण बसून बोलत असला तरी तो शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या, वाटेवर आहे असे समजून तत्काळ रुग्णालयात पाठवावे. नातेवाईक (आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरसुद्धा) केवळ प्लेटलेटचा आकडा विचारत राहतात. माझ्या मते या एका आकड्याने इतर सर्व लक्षणांवर पांघरूण घातले आहे. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबायचे नाही, हे घरच्यांना सांगितलेच पाहिजे.

सांगणे पुरत नाही, लिहून द्यावे लागते. मराठी आजी मराठीत समजावले की समाधानाने मान हलवतात. पण औषध देणारी सून किंवा नातू बहुधा हिंदी शाळेत शिकलेला असतो, म्हणून सूचना हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहाव्यात आणि तापाचा पहिला दिवस तारखेसह नोंदवावा. ती तारीख नसेल तर पुढच्या डॉक्टरला आजाराचा चौथा दिवस आहे की सहावा, हे कळतच नाही.

"सुई लगा दो" हा आग्रह रोजचाच आहे. तापाचे कारण स्पष्ट नसताना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन देणारा डॉक्टर लोकप्रिय होतो. तसे लोकप्रिय होऊ नका. डेंग्यूची शंका असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन व अॅस्पिरिन टाळावे आणि पॅरासिटामॉलवर भागवावे. मुलांच्या काही सिरपमध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेनही असते, तेव्हा बाटलीवरील लेबल वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

मोबाइलवर फिरणाऱ्या तयार उपचारतक्त्यांवर माझा विश्वास नाही. तासाला साठ रुग्ण उरकणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा इंजेक्शनच्या टेबलाशी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सिस्टरबाईंकडून शिकावे. कोणाचे हात थंड पडले आहेत हे त्यांना केसपेपर येण्याआधीच कळते. सुरुवातीला गती कमी राहील, मालक कुरकुर करतील, आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण गती काही महिन्यांत आपोआप येते. ताप उतरलेल्या रुग्णाला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे, शक्य असल्यास त्या भेटीचे शुल्क घेऊ नये, आणि तो आला नाही तर दुपारपर्यंत रिसेप्शनवरून फोन करवून घ्यावा.