साथीची चाहूल घेणारी यंत्रणा तपासताय? या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावरच्या आढाव्यात पहिला प्रश्न ठरलेला: "अहवाल किती टक्के आले?" सगळ्या आरोग्य उपकेंद्रांचे आले म्हटलं की विषय संपला. इथेच पहिली चूक होते. साथींवर नजर ठेवणारं एकात्मिक रोग सर्वेक्षण २००४ मध्ये सुरू झालं आणि २०२१ पासून नोंदी आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर चढू लागल्या. पण नोंद चढली म्हणजे साथ कळली, असं होत नाही.

मोजायचे ते दिवस. मागच्या दोन-तीन साथी घ्या आणि प्रत्येकीच्या तारखा एका ओळीत लिहा: पहिल्या रुग्णाला ताप कधी आला, तो डॉक्टरकडे कधी गेला, संशय कधी आला, नमुना कधी गेला, निकाल कधी आला, गावात पथक कधी पोचलं. घोडं कुठे अडलं ते आपोआप दिसतं. सात दिवसांत ओळख, एका दिवसात कळवणं, पुढच्या सात दिवसांत सुरुवातीची उपाययोजना, हा ७-१-७ चा मापदंड सोबत ठेवा.

लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) बाबतीत एक फसगत नेहमीची. लावणीच्या चिखलात दिवस काढलेला माणूस तापाच्या तिसऱ्या दिवशी येतो, रक्तातली आयजीएम अँटिबॉडी शोधणारी चाचणी निगेटिव्ह येते आणि तो हिशेबातून बाद होतो. खरं तर ही अँटिबॉडी दिसायला साधारण पाच-सात दिवस लागतात. म्हणून दुसरा नमुना किती जणांचा घेतला, हे विचारा. नुसते प्रयोगशाळेचे एल फॉर्म बघून यंत्रणा जोखू नका. आरोग्यसेविकेचा एस आणि डॉक्टरांचा पी फॉर्म शेजारी ठेवा.

जूनच्या तापाची तुलना मेशी नको, मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी करा. गणपतीत तर चाकरमानी आले की गावची लोकसंख्याच बदलते. रुग्ण वाढले म्हणजे साथ, असं लगेच ठरवू नका आणि पाहुण्यांचा ताप म्हणून सोडूनही देऊ नका.

माकडतापाची गोष्ट निराळी. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या, गोव्याला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात दिसला. गोचिडीतून येणाऱ्या या रोगात रानात मेलेलं माकड माणसांच्या आधी इशारा देऊ शकतं, पण तापाच्या फॉर्मात माकड कुठे बसणार? वनरक्षकाची खबर आरोग्य खात्यापर्यंत किती दिवसांनी पोचली, ते तपासा. दोडामार्गचा रुग्ण उपचाराला गोव्यात गेला असेल, तर त्याची नोंद परत आली का, हेही.

खोटा इशारा दिला म्हणून आशाताईंना झापू नका. एकदा बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी त्या गप्प बसतील. संवेदनशील यंत्रणा थोडी फुकटची धावपळ करवणारच.

आता 'शून्य' अहवाल. शून्य म्हणजे रुग्ण नाहीत, की कुणी पाहिलंच नाही? सलग शून्य पाठवणारी चार उपकेंद्रं निवडा, न कळवता जा, रजिस्टर उघडा आणि त्या आठवड्यांतल्या तापाच्या ओळी स्वतः मोजा.