पीएसएममध्ये (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजेच कम्युनिटी मेडिसिन, सार्वजनिक आरोग्याची शाखा) एमडी करायचंय? आधी हे बघा
एमबीबीएस झालं की सगळे रेडिओलॉजी, मेडिसिन, डर्मा (त्वचारोग) म्हणतात आणि पीएसएमचं नाव काढलं की घरचे विचारतात, मग पेशंट कधी बघणार? तर इंटर्नशिपमधली पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) पोस्टिंग नुसती सह्या मारून संपवू नका, आशाताईंबरोबर घरोघरी फिरा, लसीकरणाच्या दिवशी थांबा, साथ आली तर लाइन लिस्ट (एकेका रुग्णाच्या माहितीची यादी) स्वतः भरा, कंटाळा आला नाही तर ही ब्रांच तुमची. मग नीट पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षांचं एमडी कम्युनिटी मेडिसिन. फक्त रँक कमी म्हणून घेऊ नका राव, आकडेवारीशी रोज डोकं लावावं लागतं. एमपीएचला (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) एमबीबीएस नसलेलेही येतात, पण मेडिकल कॉलेजात शिकवायचं तर एमडीच बरं. गडचिरोलीचं 'सर्च' (डॉ. अभय आणि राणी बंग यांची आरोग्य संस्था) जमलं तर बघून याच.