घरच्या घरी मोटरसायकल सांभाळायची तर इतकी हत्यारे हवीतच

१००-१२५ सीसीच्या गाडीला मोठी पेटी लागत नाही. ८, १०, १२ आणि १४ मिमीचे टी-पाने, १७ मिमीचा रिंग पाना, गाडीसोबत मिळणारा प्लग पाना, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि हवा मोजायचे गेज एवढे पुरते. ॲडजस्टेबल पाना मात्र नकोच. त्याचा जबडा सैल पडतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग साधे काम छिन्नीवर जाते.

खरी काळजी घ्यायची ती ऑइलच्या ड्रेन बोल्टची, म्हणजे जुने ऑइल काढायला इंजिनाखाली असतो त्या बोल्टची. बोल्ट पोलादाचा, पण इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे लांब दांड्याने जोर लावला की आटे बॉडीचेच जातात. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवा, आडवा बसतोय वाटले तर काढून पुन्हा लावा. वॉशर नवीन घाला. शक्य असेल तर टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येते तो) घ्या, पैसे वसूल होतात.

चेनसाठी रॉकेल, जुना टूथब्रश आणि ९० नंबरचे गिअर ऑइल. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल लावू नका, रबर खराब होते. सफाई इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवतच करा, नाहीतर बोटे अडकतात. हवा टायर थंड असतानाच मोजा.