केवेला जाण्याआधी थोडी केचुआ

केवेला जायचं ठरलं असेल तर स्पॅनिशचं पुस्तक जरूर घ्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. कुस्को, कोम्बापाता, यानाओका असं कोलेक्तिवो, म्हणजे वाटून घ्यायच्या गाड्या, बदलत जाताना ते कामाचं. पेरूतल्या कानास प्रांतातल्या या डोंगराळ जिल्ह्यात कुणाच्या अंगणात टेकायचं असेल तर मात्र केचुआ, म्हणजे तिथल्या लोकांची स्वतःची भाषा, हवी. ती मराठीतून शिका. स्पॅनिशमधून शिकताना माझं वर्ष वाया गेलं.

आधी दमाचं बघा. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, इथे आणखी ३०० ते ४०० मीटर वर. पहिले दोन दिवस हळू चाला, कोकाच्या पानांचा चहा घ्या, रात्री हलकं जेवा. जूनमध्ये दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. त्याच थंडीत बटाटे गवतावर पसरून गोठवतात, पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. तो चुन्यो. वर्षानुवर्षं टिकतो.

आता भाषा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक स्पॅनिशमध्ये नाही, केचुआत अगदी आपल्यासारखा आहे: नोक़ायकू म्हणजे आम्ही, नोक़ान्चिस म्हणजे आपण. हे ठाऊक असूनही पहिल्याच संध्याकाळी मी ऐटीत म्हटलं, “नोक़ान्चिस हामुर्क़ान्चिस”, म्हणजे ‘आपण आलो’. बटाटे सोलणाऱ्या आजीने सुरी थांबवली आणि विचारलं, “मी कधी आले गं तुझ्याबरोबर?” अख्खं स्वयंपाकघर हसलं, चुलीमागचे गिनीपिग तेवढे गप्प. ‘आम्ही आलो’साठी हामुर्क़ायकू म्हणायला हवं होतं.

वडीलधाऱ्या बाईला ‘मामाय’, पुरुषाला ‘तायताय’ म्हणा. ‘आल्यिल्यांचू?’ म्हणजे बरं आहे ना; उत्तर, ‘आल्यिल्यान्मी’. कोकाची पानं कुणी दिली तर दोन्ही हातांनी घ्या. तीन चांगली पानं निवडून डोंगरांच्या दिशेने फुंकतात, मग तोंडात टाकतात. घाई करू नका.

उच्चारात एक खड्डा आहे. ‘तान्ता’ म्हणजे गोळा केलेलं. ‘थान्ता’ म्हणजे फाटकंतुटकं. हा थ आपल्याला सहज जमतो. पण पाव हवा असेल तर ‘त’ म्हणताना क्षणभर घसा मिटून तो फटकन सोडायचा. मी तीन दिवस जुनंपानं मागत होते आणि तरी पाव मिळत होता, ही त्या घराची माया.

याच कानास प्रांतातल्या सुरिमानाचा दुसरा तुपाक आमारू. त्याने १७८० च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. १७८१ मध्ये त्याला कुस्कोत ठार मारलं आणि त्याच शिक्षेच्या फर्मानात केचुआही मोडून काढायचा हुकूम होता. भाषेला देशात अधिकृत दर्जा मिळायला १९७५ उजाडलं. म्हणून एखादी म्हातारी तुमच्याशी आधी अडखळत स्पॅनिशच बोलेल. तुम्ही केचुआ सोडू नका.

शेवटी ‘म्हणे’. केचुआत स्वतः पाहिलेल्या गोष्टीला -मी किंवा -न लागतो, ऐकीव गोष्टीला -स किंवा -सी. ‘चाकास उर्मास्क़ा’: पूल पडला म्हणे. पूल म्हणजे आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका, सुमारे २८ मीटर लांब, सगळा गवताचा. चार वस्त्यांचे लोक दर जूनमध्ये तो नव्याने विणतात. महामारीमुळे २०२० मध्ये विणला नाही आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो खरंच कोसळला. त्याच जूनमध्ये पुन्हा उभा राहिला.

जूनमध्ये गेलात तर दोर वळायला बसा. क़ोया नावाचं गवत भिजवायचं, दगडाने ठेचायचं, मग तळहातांमध्ये पीळ द्यायचा. हात सोलवटतात, माझा पीळ आजीने दोनदा उलगडला. बारीक दोर बायका वळतात, पण काम चालू असताना बायकांनी पुलाजवळ जायचं नाही असा रिवाज आहे. मला तो खटकला, पण मी पाळला. म्हणून जाड दोर दरीवर कसे ताणले हे सांगताना मी अजूनही -स लावते. चौथ्या दिवशी पूल खुला झाला, मी कठडा घट्ट धरून पलीकडे गेले. तिथे -न.