तांब्याच्या पाण्याच्या पाइपची गळती: गॅस टॉर्चशिवाय घरच्या घरी दुरुस्ती

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत नळाचं पाणी बहुधा तांब्याच्या पाइपमधून येतं. सिंकखालच्या पाइपवर हिरवट पुटं चढली आणि बोट लावल्यावर ओल लागली, तर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलंय असं समजा. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) आणि सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपची सवय असलेले आपले लोक तांबं म्हटलं की टॉर्च, म्हणजे गॅसची ज्योत, आणि सोल्डर, म्हणजे जोडात वितळवून भरायचा धातू, यांच्या धास्तीने मागे सरतात. पण त्या दोन्हींशिवायही पक्की दुरुस्ती होते. घर भाड्याचं असेल तर मात्र आधी घरमालकाला कळवा. इंग्लंडमध्ये ही दुरुस्ती त्याची जबाबदारी आहे.

पहिलं काम म्हणजे पाइप पाण्याचाच आहे याची खात्री करणं. इथे गॅसचे पाइपही तांब्याचे, त्याच जाडीचे असतात आणि कित्येकदा शेजारूनच गेलेले असतात. गळका पाइप कुठून येतो आणि कुठे जातो ते नजरेने माग काढत पाहा. जराही शंका असेल तर कापू नका. गॅसचं काम गॅस सेफ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्यानेच करायचं असतं. पाइपला पट्टीने आवळलेली हिरवी-पिवळी वायर अर्थिंगची असते, तीही सोडवू नका.

मग बॉयलर बंद करा आणि मुख्य कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून पाणी बंद करा. हा कॉक बहुतेक घरांत स्वयंपाकघरातल्या सिंकखाली सापडतो. तो जाम असेल तर एकदम जोर लावू नका, थोडा पुढे थोडा मागे करत सोडवा. गरम पाण्याची टाकी असेल तर तिचाही व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. वरचे आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामा होऊ द्या. गळतीखाली बादली हवीच.

दुकानातून 15 मिमीचं कॉम्प्रेशन स्लिप कपलिंग, म्हणजे नट आवळून पाइपची दोन टोकं जोडणारी नळी, आणि पाइप कटर आणा. स्लिप कपलिंगला आत अडसर नसतो, म्हणून ते पाइपवरून आरपार सरकतं. जुना अर्ध्या इंची पाइप असला तरी 15 मिमीचं फिटिंग चालतं. पाऊण इंचीला मात्र 22 मिमीच्या फिटिंगबरोबर वेगळी ऑलिव्ह, म्हणजे आतली पितळी रिंग, घ्यावी लागते.

कपलिंग पाइपशेजारी धरून बघा. दोन्ही टोकं त्यात पुरेशी आत जातील, एवढाच छिद्राचा तुकडा कापायचा. कटरचा एक फेरा झाला की स्क्रू किंचित आवळा, मग पुढचा फेरा. घाईने आवळला तर पाइपचं तोंड चेपतं आणि मग जोड बसत नाही. कडेचे काटे कानसीने काढा, टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि कपलिंग कुठवर यायचं ती खूण पेनने करा. दोन्ही टोकांवर आधी नट, मग ऑलिव्ह चढवा. कपलिंग एका बाजूला पूर्ण सरकवा, पाइप सरळ रेषेत आणा आणि ते परत खुणेपर्यंत ओढा.

नट आधी हाताने आवळा. मग एका पान्याने कपलिंग धरून दुसऱ्याने नट साधारण एक फेरा फिरवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा सुतळी-सफेदा लावायची आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही, कारण पाणी आटे अडवत नाहीत, पाइपवर दाबली गेलेली ऑलिव्ह अडवते. म्हणूनच जास्त आवळणंही वाईट, त्याने ऑलिव्हचा आकार बिघडतो.

सोल्डर मी नवख्याला सुचवत नाही. शिसेविरहित सोल्डर वितळायला 220 अंशांच्या वर तापमान लागतं. पाइपमध्ये थोडं जरी पाणी राहिलं तरी त्याची वाफ होत राहते आणि तांबं हवं तेवढं तापतच नाही. शिवाय लाकडी जमिनीजवळ टॉर्च पेटवणं धोक्याचं.

एक नळ उघडा ठेवून मुख्य कॉक हळूहळू सोडा, म्हणजे पाइपमधली हवा निघून जाईल. मग नळ बंद करून जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर नट पाव फेरा आणखी आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. त्याच पाइपवर आणखी हिरवे डाग दिसले तर जोड वाढवत बसू नका, प्लंबरला बोलावून तो अख्खा पट्टा बदलून घ्या.