न्यू जर्सीत क्रिमिनल जस्टिस शिकायचं असेल तर

क्रिमिनल जस्टिस (पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांचा अभ्यास) शिकतेय म्हटलं की आपली माणसं आधी विचारतात, ‘म्हणजे पोलीस होणार?’ पोलीस व्हायचं असलेली पोरं माझ्या वर्गात होतीच. पण काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जेलमध्ये रात्रपाळी करून थेट वर्गाला येणारा एक जण होता, कोर्टात क्लार्क असलेली एक बाई होती, आणि पुण्यात बी.कॉम. करून आलेली, पोरं शाळेत रमल्यावर प्रवेश घेतलेली मी. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, असा वर्ग नेहमीचाच, तेव्हा वयाचा संकोच नको.

डोळे उघडे ठेवायचे ते अर्जातल्या पदवीच्या रकान्यापाशी. ए.एस. (असोसिएट इन सायन्स, ही दोन वर्षांची पदवी) पूर्ण केली तर २००८ च्या राज्यव्यापी करारामुळे तुमचे साधारण ६० क्रेडिट रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात पहिली दोन वर्षं म्हणून धरतात. ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) ही थेट नोकरीसाठीची, तिला हा करार लागू नाही. तुरुंगातल्या वर्दीच्या नोकरीला हायस्कूल पुरतं, मात्र नागरिकत्व लागतं. प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारा) व्हायचं तर बॅचलर्स, म्हणजे चार वर्षांची पदवी, हवीच. म्हणून माझं मत सरळ ए.एस.ला.

करेक्शन्सच्या (तुरुंग आणि शिक्षा या विषयाच्या) तासाला सुरुवातीलाच डोक्यातला ‘तुरुंग’ सुटा करावा लागतो. जेल बहुधा काउंटीचं: कच्चे कैदी आणि कमी मुदतीची शिक्षा झालेले. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं. प्रोबेशन म्हणजे सहसा तुरुंगाऐवजी बाहेरची देखरेख, परोल म्हणजे तुरुंगातून सुटल्यावरची. आपल्याकडे परोल म्हणजे घरच्या कार्याला किंवा आजारपणाला मिळणारी रजा, त्यामुळे आपला माणूस इथे हमखास गोंधळतो. जमलं तर फिलाडेल्फियाचं १८२९ साली उघडलेलं ईस्टर्न स्टेट पेनिटेंशरी बघून या. कैद्याला एकटं, गप्प ठेवलं की तो आपोआप सुधारेल, ही तेव्हाच्या सज्जनांची कल्पना त्या कोठडीत छताच्या झरोक्याखाली उभं राहिल्यावर अंगावर येते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोर्टात बसून टिपणं काढण्याच्या असाइनमेंटनं. न्यू जर्सीत जानेवारी २०१७ पासून पैसे भरून जामीन हा प्रकार जवळपास संपला. जेलमध्ये टाकलेल्याच्या सुटकेचा विचार ४८ तासांत व्हावा लागतो, नाहीतर सरकारी वकिलानं डांबून ठेवण्यासाठी अर्ज करायचा. न्यायाधीशासमोरच्या कागदावर १ ते ६ मधले दोन आकडे असतात: पहिला कोर्टाच्या तारखेला दांडी मारण्याच्या धोक्याचा, दुसरा नवा गुन्हा करण्याच्या. वय, जुन्या शिक्षा, चुकवलेल्या तारखा यांवरून ते निघतात. वंश आणि पगार त्यात धरत नाहीत. पण जुन्या शिक्षाच ठरावीक वस्त्यांतल्या पोरांच्या वाट्याला जास्त आल्या असतील तर? यावरून वर्गात कडाक्याचा वाद झाला, आणि जेलवाला नि कोर्टातली बाई चक्क एका बाजूला निघाले. आकडा कसाही असो, पूर्वी खिशात पैसे नाहीत म्हणून माणूस आत सडायचा ते वाईट होतं, असं दोघांचं म्हणणं. मला ते पटलं, अर्धंच.

बाकी, मालिकांत दिसतं तसलं थरारक इथे फार कमी. वाचन आणि लिखाण मात्र रग्गड. रिपोर्ट रायटिंगमध्ये ‘संशयित घाबरलेला होता’ लिहिलंत की मार्क गेले. हात थरथरत होते, प्रश्न दोनदा विचारावा लागला, असं जे दिसलं तेवढंच लिहायचं. त्यासाठी इंग्रजी कॉम्पोझिशन पहिल्याच सेमिस्टरला उरकून घ्या.